साठाचा हातचा
(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आपली शाळा सुरू झाली त्या शके १८८७ मध्ये विश्वावसु नावाचे संवत्सर चालू होते. आज शके १९४७ मध्ये पुन्हा तेच नाव पंचांगाच्या मुखपृष्ठावर आले आहे. मधली एकोणसाठ नावे एकेक करून येऊन गेली. गुरूच्या सुमारे पाच आणि शनीच्या सुमारे दोन प्रदक्षिणा साठ वर्षांत पूर्ण होतात, म्हणून हे चक्र साठाचे. माणसाची साठीशांत असो वा संस्थेचा हीरक महोत्सव, साठाला आपण जो मान देतो त्याच्यामागे एक फार जुने गणित आहे. आजचा माझा विषय तेच गणित: कोन आणि काळ साठाच्या पटीत मोजण्याचे. ज्यांनी या शाळेत माझ्याकडून गणित शिकून घेतले, त्यांना पुन्हा एकदा फळा सहन करावा लागणार आहे.

साठाला दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा, पंधरा, वीस आणि तीस या सर्वांनी निःशेष भाग जातो. तासाचा तिसरा हिस्सा वीस मिनिटे, हे सांगताना कोणी अडखळत नाही. दशांशात तो लिहू गेल्यास तीनांची शेपटी संपत नाही. बाबिलोनच्या लोकांनी सुमारे चार हजार वर्षांपूर्वी मातीच्या विटांवर हेच गणित कोरून ठेवले. ते ग्रीकांकडे गेले, आणि पुढे आपल्याकडच्या ज्योतिषग्रंथांतही त्याच्या खुणा उमटल्या. कलेला आपल्या ग्रंथांत ‘लिप्ता’ असाही शब्द आहे, तो ग्रीक ‘लेप्टॉन’वरून आला. फ्रेंच राज्यक्रांतीने १७९३ साली दिवसाचे दहा तास आणि तासाची शंभर मिनिटे करून पाहिली. दोन वर्षांतच तो कायदा गुंडाळावा लागला. राजाला घालवणे सोपे गेले, साठाला नाही.

परंतु आपल्या परंपरेने यात एक गोष्ट अशी साधली, जी आजच्या घड्याळात नाही. दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळे, पळाची साठ विपळे. म्हणजे अहोरात्रात ३६०० पळे. वर्तुळाचे अंश ३६०. तेव्हा आकाश एक अंश फिरायला बरोबर दहा पळे लागतात. आणखी बारकाईने पाहिले तर पळाचे सहा प्राण, आणि प्राण म्हणजे निरोगी माणसाचा एक स्वस्थ श्वासोच्छ्वास, आजच्या मापाने चार सेकंद. अहोरात्रात प्राण २१,६००, आणि वर्तुळात कलाही २१,६००. आपण एक श्वास घेऊन सोडतो तेवढ्यात आकाश एक कला सरकलेले असते. हे आर्यभटाने सांगितले आहे. कोन आणि काळ यांचे नाणे एकच असल्यामुळे एकातून दुसऱ्यात जाताना बट्टा द्यावा लागत नाही.

घटकेचे पात्र आपल्यातील काही वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. चोवीस मिनिटांत ती भरून बुडते. लग्नात जोशीबुवांचे लक्ष वधूवरांपेक्षा त्या वाटीकडे अधिक असे. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार त्या वाटीतून आला आणि ‘घड्याळ’ या शब्दातही तीच घटी बसलेली आहे. तमिळमध्ये घटकेला ‘नाळिगै’ म्हणतात आणि पळाला ‘विनाडि’. गंमत अशी की आजच्या तमिळमध्ये विनाडि म्हणजे सेकंद. जो शब्द चोवीस सेकंदांचा होता तो आक्रसून एका सेकंदाचा झाला.

तमिळचा उल्लेख मी उगाच केला नाही. हे गणित प्रत्यक्ष करून दाखवायचे तर दोन गावे हवीत. एक आपले पुणे. दुसरे मी निवडले आहे तिरुप्पनंदाळ. कुंभकोणमहून ईशान्येला, कावेरीची उत्तर शाखा कोल्लिडम हिच्या अलीकडे हे गाव आहे. मराठी माणसाला हा प्रदेश परका नाही. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांची गादी होती. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे ढीग आहेत. सर टी. माधवराव कुंभकोणमचेच. तिरुप्पनंदाळला शैवांचा काशीमठ आहे आणि अरुणजटेश्वराचे प्राचीन देऊळ आहे. त्या देवळाची कथा कोनाचीच म्हणायची: माळ घालायला आलेल्या भक्त स्त्रीची अडचण पाहून शिवलिंग तिच्याकडे कलले, ते राजाच्या हत्तींनाही सरळ करता आले नाही, आणि शेवटी कुंगिलियक्कलय नायनारांनी भक्तीच्या बळावर उभे केले. किती अंश कलले होते ते कथा सांगत नाही.

आता प्रश्न असा. पुण्याकडचे एखादे कुटुंब कावेरीकाठी जाऊन राहिले. पंचांगातल्या घटका सूर्योदयापासून मोजायच्या. मग पुण्याचा सूर्योदय आणि तिरुप्पनंदाळचा सूर्योदय यांत अंतर किती? भिंतीवरचे घड्याळ नाही, दूरध्वनी नाही. हाताशी आहे बारा अंगुळांची एक सरळ काठी, म्हणजे शंकू.

ज्या दिवशी दिवस आणि रात्र समान असतात त्या दिवशी मध्यान्ही या काठीची सावली मोजायची. तिला पलभा म्हणतात. पुण्यात ती ४ अंगुळे १ व्यंगुळ भरते, तिरुप्पनंदाळला २ अंगुळे २१ व्यंगुळे. अंगुळाची व्यंगुळेही साठच. पुढची कृती कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहून घरोघर पोहोचवली. ज्या-चापांची कटकट त्यांनी ग्रंथातून काढूनच टाकली. पलभा तीन ठिकाणी मांडा. पहिलीला दहाने, दुसरीला आठाने, तिसरीला दहाने गुणून तीनाने भागा. येणारी उत्तरे पळांत असतात.

तिरुप्पनंदाळचे करू. २ अंगुळे २१ व्यंगुळे गुणिले दहा: वीस आणि दोनशे दहा. दोनशे दहातून साठाचे तीन हातचे निघतात, उरतात तीस. म्हणजे २३ पळे ३० विपळे. आठाने गुणले तर सोळा आणि एकशे अडुसष्ट, म्हणजे १८ पळे ४८ विपळे. तिसरे उत्तर पहिल्याचा तिसरा हिस्सा, ७ पळे ५० विपळे. बेरीज ५० पळे ८ विपळे. हे झाले त्या गावाचे सर्वांत मोठे चर. जूनअखेरीच्या मोठ्या दिवशी सूर्य तितका आधी उगवतो आणि तितकाच उशिरा मावळतो. तीस घटकांत त्याची दुप्पट मिळवा: दिनमान ३१ घटी ४० पळे, म्हणजे १२ तास ४० मिनिटे. पुण्याचे याच रीतीने चर ८५ पळे ४१ विपळे आणि दिनमान ३२ घटी ५१ पळे, म्हणजे १३ तास ८ मिनिटे. छापील दिनदर्शिकेत दोन्ही आकडे सहा-सात मिनिटांनी मोठे दिसतील. वातावरणात किरण वाकतात आणि सूर्याची वरची कड दिसली की उदय धरतात, त्याचा तो फरक आहे. काठीच्या सावलीवरून निघालेल्या उत्तराकडून याहून अधिक काय मागायचे?

आता दुसरी पायरी, रेखांशाची. तिरुप्पनंदाळ पुण्याच्या पूर्वेला सुमारे साडेपाच अंश आहे. अंशाला दहा पळे, म्हणून ५५ पळे. एका घटकेला पाच पळे कमी. तेवढा काळ सूर्य तेथे आधी येतो. जूनमध्ये पुण्याचे चर ३५ पळांनी मोठे असल्यामुळे पुण्याला तितकी भरपाई मिळते आणि अंतर उरते २० पळे, आठ मिनिटे. डिसेंबरात तेच चर पुण्याच्या विरुद्ध जाते. पंचावन्नात पस्तीस मिळवावे लागतात, आणि अंतर होते ९० पळे, म्हणजे दीड घटका, छत्तीस मिनिटे. घरी गेल्यावर ताडून पाहा. २१ डिसेंबरला पुण्याचा सूर्योदय ७ वाजून २ मिनिटांच्या सुमारास, कुंभकोणम भागातला ६ वाजून २६ मिनिटांच्या सुमारास.

यात केवळ कुतूहल नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पणजोबांच्या जन्माचे टिपण असेल. त्यावर ‘सूर्योदयात् गत घटी १७ पळे ३५’ असे काहीतरी लिहिलेले असते. घटीला २४ ने गुणा, ४०८ मिनिटे. पळांची १४ मिनिटे. एकूण ४२२, म्हणजे सूर्योदयानंतर ७ तास २ मिनिटे. हे सोपे आहे. अवघड आहे तो सूर्योदय. टिपण कुंभकोणमचे, महिना डिसेंबर, आणि नातवाने पुण्याचा सूर्योदय धरला तर छत्तीस मिनिटे चुकली. तेवढ्यात आकाश नऊ अंश फिरते. पत्रिकेवर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मला त्यात रस नाही. मला रस आहे तो घरातल्या एका अस्सल नोंदीत. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सुरू होण्यापूर्वी मुंबईचे आणि मद्रासचे घड्याळ सुमारे अर्ध्या तासाने वेगळे होते, आणि मुंबई तर त्यानंतरही बराच काळ आपल्याच वेळेला चिकटून राहिली. त्या काळातल्या घड्याळाच्या नोंदीपेक्षा घटी-पळांची नोंद अधिक भरवशाची, कारण तिचा शून्य म्हणजे त्या गावचा सूर्य. मात्र गाव ठाऊक हवे.

कावेरीच्या त्या प्रदेशात गणिताची आणखी एक रीत होती. तेथील वाक्यपंचांगात चंद्राच्या २४८ दिवसांच्या स्थानांसाठी २४८ छोटी वाक्ये पाठ करीत. अक्षरांना अंक दिलेले असत: क, ट, प, य यांना एक, ख, ठ, फ, र यांना दोन, असेच पुढे, न ला शून्य. अंक उजवीकडून वाचायचे. चंद्राची पहिल्या दिवसाची चाल १२ अंश ३ कला. मूळ वाक्य संस्कृत आहे. मराठीत मी आपल्या विद्यार्थ्यांसाठी ‘गानरूप’ असा शब्द जुळवला आहे. ग तीन, न शून्य, र दोन, प एक. उलटे वाचा, १२०३.

पाठ केलेले हे आकडे जमिनीवर कवड्या मांडून चालवीत. ल जांतील हा फ्रेंच ज्योतिषी शुक्राचे अधिक्रमण पाहायला आला. १७६१ मध्ये युद्धामुळे तो समुद्रावरच अडकला, आणि १७६९ मध्ये पुदुच्चेरीला ऐन वेळी ढग आले. या मुक्कामात त्याने एका तमिळ गणकाकडून ही कवड्यांची रीत शिकून घेतली. पुढे जॉन वॉरन याने १८२५ सालच्या ‘कालसंकलित’ या ग्रंथात अशाच एका पंचांगकर्त्याची हकीकत नोंदवली. त्याला सिद्धान्त ठाऊक नव्हता, पण स्मरण दांडगे होते. ३१ मे १८२५ च्या रात्रीचे चंद्रग्रहण त्याने कवड्या आणि स्मरण यांच्या बळावर मांडून दाखवले. ग्रहणाच्या प्रारंभात चार मिनिटांची, मध्यात तेवीस मिनिटांची आणि शेवटात बावन्न मिनिटांची तफावत आली. ऑटो नॉयगेबाउर या गणितेतिहासकाराने १९५२ साली या पद्धतीचे बाबिलोनच्या गणिताशी असलेले नाते उलगडून दाखवले. बावन्न मिनिटांची तफावत थोडी नाही. तरीही कागदाचा तुकडा न वापरता मिळालेल्या त्या चार मिनिटांचे मला अधिक नवल वाटते.

आता पालकांसाठी दोन शब्द. आपली मुले दशांश छान करतात, पण साठाचा हातचा त्यांच्या हातून निसटत चालला आहे. अडीच तास यंत्रावर २.३० म्हणून मांडले जातात. तीच गोष्ट नकाशाची. नकाशावर तिरुप्पनंदाळचा अक्षांश ११.१० असा दिसतो. तो ११ अंश ६ कला. कोणी तो ११ अंश १० कला असा वाचला तर चार कलांची चूक झाली. अक्षांशाची एक कला जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर, म्हणजे तो माणूस साडेसात किलोमीटर उत्तरेला, कोल्लिडम ओलांडून पलीकडच्या तीरावर उभा राहील. मठ आणि देऊळ अलीकडे राहील. पाचवी-सहावीत तास-मिनिटांच्या बेरजा-वजाबाक्या दोन आठवडे तरी यंत्राशिवाय करून घ्याव्यात, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

येत्या २१ मार्चला शाळेच्या पटांगणात बारा अंगुळांचा शंकू उभा करावा, अशी विनंती मी मुख्याध्यापकांना केली आहे. मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होणार नाही. पुण्यात त्या दिवशी ती बारा वाजून बेचाळीस मिनिटांच्या सुमारास होते. सावली सुमारे चार अंगुळे भरायला हवी. आणि ज्यांच्या घरी जुने टिपण असेल त्यांनी येताना त्याची प्रत आणावी. घटी-पळे मी उलगडून देईन. फक्त त्याआधी, घरात जे कोणी वडीलधारे असतील त्यांना विचारून, ते कोणत्या गावी लिहिले गेले एवढे त्याच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा.