सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सूत्रसंचालकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि "तुझ्या कामाबद्दल सोपं करून सांग" अशी अटही घातली आहे. मागून वरण-बट्टीचा वास यायला लागलाय, त्यामुळे मी फार ताणणार नाही.

काही जणांना आठवत असेल, दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर मी आठवडाभर शाळेत आले नव्हते. शहादा तालुक्यातली आमची तीन एकर पपई त्या आठवड्यात आम्ही उपटून टाकली. आधी शेंड्याची पानं पिवळी पडून आक्रसली. मग देठांवर तेलकट रेघा आल्या, मग फळांवर गोल गोल कड्या. गावात सगळे म्हणत, "व्हायरस आला." आप्पांनी एकामागून एक फवारण्या केल्या, उधारी वाढत गेली, बाग काही वाचली नाही. शेवटी बांधावर बसून आप्पा एवढंच म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं."

शाळेत परत आल्यावर मी विज्ञानाच्या सरांना विचारलं, "सर, आपल्याला ताप आला तर शरीर लढतं. झाड काहीच करत नाही का?" सर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मला माहीत नाही. तू शोध आणि मला येऊन सांग." सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. वीस वर्षं उशीर झाला, पण सांगते.

पपईचा रिंगस्पॉट विषाणू म्हणजे सुमारे दहा हजार अक्षरांची आरएनएची एक चिठ्ठी, प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेली. मावा रोगट पानात सोंड खुपसतो आणि पुढच्या झाडावर ती चिठ्ठी पोचवतो. त्याला मिनिटभरही पुरतं. म्हणून फवारणी हरते. मावा मरेल तेव्हा मरेल, त्याआधी त्याचं काम झालेलं असतं.

आत गेल्यावर विषाणूपुढे अडचण येते. पेशीचा रोजचा कारभार डीएनएवरून आरएनए उतरवून घेण्याचा. विषाणूला मात्र आरएनएवरून आरएनए उतरवायचा असतो. त्यासाठी लागणारं विकर कसं बनवायचं, हे तो आपल्या चिठ्ठीतच लिहून आणतो. पेशी ती चिठ्ठी वाचते, विकर बनवून देते, आणि मग नकलांचा धडाका सुरू होतो. आपल्या वर्गातले कॉपीबहाद्दर आठवा. नावं घेत नाही, दोघं इथेच आहेत. घाईघाईत उतरवताना ते शेजाऱ्याचा नंबरसुद्धा उतरवायचे! विषाणूच्या या विकराचंही तसंच. तपासून बघणं नाही, त्यामुळे साधारण दहा हजार अक्षरांमागे एक चूक. म्हणजे जवळजवळ प्रत्येक नकलेत काहीतरी वेगळं. विषाणू सतत बदलतात त्याचं हे मोठं कारण आहे. करोना विषाणूची चिठ्ठी तीस हजार अक्षरांची, म्हणून त्याच्याकडे चुका खोडणारा वेगळा मदतनीस असतो. करोनात ऐकलेलं रेमडेसिव्हिर त्याच्या याच नक्कल करणाऱ्या विकराला खोटं अक्षर भरवतं.

आता गंमत ऐका. आरएनएवरून आरएनए उतरवणारं विकर वनस्पतींकडे स्वतःचंही असतं. 1971 साली चिनी कोबीत त्याचा माग लागला होता. निरोगी झाडाला ते कशाला हवं, हे उमगायला पुढे जवळपास तीस वर्षं लागली.

पर्यवेक्षकाला चिठ्ठी सापडली तर तो काय करेल? तिच्या झेरॉक्स काढून प्रत्येक वर्गात देईल, "हे अक्षर दिसलं की पकडा." झाड हेच करतं. विषाणूच्या आरएनएचा तुकडा मिळाला की झाडाचं विकर त्यावरून जोडीचा धागा तयार करतं. दुहेरी झालेल्या त्या आरएनएचे एकवीस-बावीस अक्षरांचे तुकडे कापले जातात. ते तुकडे पहारेकरी प्रथिनांच्या हाती जातात आणि त्याच अक्षराची चिठ्ठी दिसली की ती फाडली जाते. हा इशारा झाडात दूरवर पोचतो. 1928 साली अमेरिकेत विंगार्ड यांनी पाहिलं होतं की तंबाखूच्या रिंगस्पॉट विषाणूनं खालची पानं करपलेल्या झाडाला वर नवी, स्वच्छ पानं येतात. कारण सापडायला सत्तरहून अधिक वर्षं गेली. हॅमिल्टन आणि बॉलकोम्ब यांना ते छोटे तुकडे वनस्पतींत दिसले 1999 साली.

म्हणजे सर, झाड लढतं. ज्या कसबानं विषाणू वाढतो, त्याच कसबानं झाड त्याला अडवतं. मग आमची पपई का हरली? कारण हा विषाणू आणखी एक प्रथिन बनवतो, जे ते छोटे तुकडेच धरून ठेवतं. पहारेकऱ्यांच्या हाती नमुनाच पडत नाही.

हवाई बेटांवर या विषाणूनं बागा संपत आल्या, तेव्हा डेनिस गोन्साल्विस आणि सहकाऱ्यांनी विषाणूच्याच जनुकाचा एक तुकडा पपईत घातला. झाडाला ते अक्षर आधीपासून ओळखीचं झालं. ते बियाणं 1998 मध्ये तिथल्या शेतकऱ्यांना मिळालं. आपल्या शेतात ते वाण नाही. आपल्याला रोपं जाळीत वाढवायची, बागेभोवती मक्याच्या ओळी लावायच्या, जवळ काकडी-भोपळा घ्यायचा नाही आणि पहिलं रोगट झाड दिसलं की मन घट्ट करून उपटायचं. यातल्या प्रत्येक उपायाची मदत होते, पण खात्री कुणीच देऊ शकत नाही.

पीएचडी झाल्यावर हे सगळं मी घरी ओसरीवर बसून आप्पांना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे झाडानं पण प्रयत्न केला होता." थोडं थांबून म्हणाले, "आणि आपलं काही चुकलं नव्हतं." एवढं ऐकायला मी इतकी वर्षं शिकले असं मला त्या दिवशी वाटलं.

सर, तेव्हा काहीतरी ठोकून दिलं असतं तर मी ऐकून गप्प बसले असते. "मला माहीत नाही" म्हणालात, त्याबद्दल मनापासून आभार.

आता जेवायला चला.