ब्रेक दाबा, मग नळ्या पाहा

ट्रायल्स सायकलिंगमध्ये स्वार दगडाच्या टोकावर मागच्या एकाच चाकावर तोल सांभाळतो. ब्रेक जरासा घसरला, की स्वार खाली. यातल्या अनेक सायकलींना रिम दोन्ही बाजूंनी दाबणारा हायड्रॉलिक ब्रेक असतो. जोर लावला, की फ्रेमच्या दोन नळ्या बाहेर फाकतात आणि हाताची ताकद वाया जाते. बूस्टर म्हणजे या नळ्यांना बांधून ठेवणारी, घोड्याच्या नालेच्या आकाराची पट्टी. ती घ्यावी का? आधी ब्रेक घट्ट दाबून मागून पाहा. नळ्या फाकत असतील, तर बूस्टर जरूर लावा. त्या हलतच नसतील, तर झिजलेले पॅड, गुळगुळीत रिम, तेलात शिरलेली हवा तपासा. तो दोष पट्टीने जाणार नाही.