पोराच्या हातचं चून

(यवतमाळ जिल्ह्यातील महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बैठकीच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे विषय लिहिला होता, 'लहान मुलांना जमेल असा घरचा सोपा स्वयंपाक'. तो वाचून आमच्यातल्या एकीने लगेच विचारलं, "ताई, ही काय पाककृतींची स्पर्धा आहे? आपण मारहाणीवर बोलतो, सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून बोलतो, त्यात खिचडी कुठून आली?" मला मात्र विषय पटला. तिसरी-चौथीतलं मूल घरच्या पाच जणांचं जेवण रांधू शकतं का, हा प्रश्न शहरातल्या घरांना पडत असेल. आपल्या जिल्ह्यात त्याचं उत्तर रोज संध्याकाळी चुलीपुढे बसलेलं असतं. फक्त ते फ्रॉक घालून बसलेलं असतं.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला वेचणी लागते. वेचणीची मजुरी किलोवर. त्यामुळे दिसतं तोवर बाई शेतातून हलत नाही. ओटीतला कापूस मापाला लागेपर्यंत अंधार पडतो. गावोगाव बैठका घेताना मी बायांना विचारते, सैपाकाचं कसं करता? "पोरगी हाये ना घरी. थे टाकते भाकरी." आणि पोरगा? "त्याले काय येते, ताई?" पोरगी नऊ वर्षांची असते आणि पोरगा बाराचा. तीन वर्षं आधी जन्मून त्याला काही येत नाही आणि तिला सगळं येतं, हे कसं, असं विचारलं की बाया हसतात. हसतात, म्हणजे त्यांना कळतं.

आता या नऊ वर्षांच्या पोरीची संध्याकाळ नीट पाहू. सरपण काय? पऱ्हाटी, नाहीतर तुराटी. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत बऱ्याच घरांत सिलिंडर आले, पण भरून आणायचे पैसे वेळेवर नसतात म्हणून अनेकींनी ते चहापुरते ठेवलेत. पऱ्हाटी कशी जळते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. भुरकन पेटते आणि भुरकन विझते. लाकडाच्या ओंडक्यासारखं एकदा सारून दुसऱ्या कामाला लागावं, तर तसं नाही. सतत पुढं सारत राहावं लागतं. म्हणजे ती मुलगी चुलीपुढून उठू शकत नाही. पुस्तक जवळ असलं तरी उघडता येत नाही, कारण एक हात पऱ्हाटीला, एक हात भाकरीला आणि डोळ्यांत धूर. तिच्या अभ्यासाचे दीड-दोन तास असे जातात. पुढे मास्तर म्हणतात, मुलगी हुशार आहे पण गणितात कच्ची. ती गणितात कच्ची का राहिली, हे चुलीला विचारा.

सरकारची वेळ-वापर पाहणी असते. ती सहा वर्षांपासूनच्या सगळ्यांची होते, म्हणजे सरकारलाही ठाऊक आहे की सहाव्या वर्षापासून कामं सुरू होतात. २०१९ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका-मुलींचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होते. जे पुरुष घरकाम करतात त्यांचे ९७. पुढची पाहणी २०२४ ची. तिच्यात बायकांचे २८९ आणि पुरुषांचे ८८. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांनीही नऊ मिनिटं वाचवलेलीच आहेत! आणि हा हिशेब जे काहीतरी करतात त्यांचाच. जो पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेत नाही, तो या सरासरीत येतच नाही.

काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतात, मग मुलांना स्वयंपाकच नको, ते बालपण आहे. मला हे अर्धं पटतं. बालमजुरीचा कायदा १९८६ चा, त्यात २०१६ साली बदल झाला. शाळा सुटल्यावर घरच्यांना मदत करायला त्यात मोकळीक आहे, आणि घरची चूल तर मजुरी म्हणून धरलीच जात नाही. कायदा इथं कामाला येत नाही. वेचणीच्या दिवसांत आई रात्री सातला येणार असेल तर साडेसहाला कोणीतरी चूल पेटवणार, हे आपण ठरावाने बदलू शकत नाही. ती कोणी पेटवायची, त्यावर काय शिजवायचं आणि आठवड्यातून किती दिवस, हे मात्र आपल्याला ठरवता येतं.

म्हणून माझं पहिलं मागणं: भाकरी पोरांच्या कामातून काढून टाका. स्वयंपाकातलं सगळ्यात अवघड काम आपण सगळ्यात लहान हातांना दिलं आहे. उकळत्या पाण्यात पीठ मळायचं, तापल्या तव्यावर हाताने भाकर टाकायची, वर पाणी फिरवायचं, मग उघड्या जाळावर शेकायची. ज्या वेगानं आपला हात चालतो, तो तिचा चालत नाही. पोरींच्या मनगटांवरचे डाग पाहा.

ज्वारीच खायची तर धिरडं आहे. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, एक वाटी बेसन, मीठ, हळद, कांदा, सांबार, पाणी घालून पळीनं ओतता येईल इतकं पातळ. पळीनं ओतायचं, सराट्यानं उलटायचं. हात तव्यापासून लांब राहतो. पहिलं धिरडं बिघडतं, सगळ्यांचंच बिघडतं. ते करणाऱ्यानं स्वतः खाऊन टाकावं. ज्वारीच्या कण्याही तशाच सोप्या. मीठ घालून मऊ शिजवल्या आणि वर ताक ओतलं की म्हाताऱ्या सासूलाही चालतात, दात नसले तरी.

खिचडी तर आहेच. पाच जणांना दोन वाट्या तांदूळ, एक वाटी डाळ. तुरीची असेल तर शाळेतून आल्याबरोबर, खेळायला जाण्याआधी भिजवायची. मुगाची असेल तर भिजवायची गरज नाही. फोडणी नको. उडणारं तेल लहान मुलाच्या तोंडासमोर कशाला? डाळ-तांदूळ, चिरलेला कांदा, मूठभर शेंगदाणे, हळद, तिखट, मीठ, सगळं गंजात एकदमच टाकायचं आणि आठ वाट्या पाणी. चुलीवर ती मऊच बरी. ताटात वरून कच्चं तेल घ्यायचं, आपल्याकडे तसंही घेतातच. एक गोष्ट मात्र कडक पाळा. मुलानं भरला गंज चुलीवरून उतरवायचा नाही. शिजलं की पऱ्हाटी मागं ओढायची, जाळ काढून घ्यायचा, आणि गंज तिथंच राहू द्यायचा. कुकर असला तर झाकण आईनंच उघडायचं.

राहिलं चून. बेसन आधी थंड पाण्यात कालवायचं, वाटीला तीन वाट्या पाणी, गुठळी राहू द्यायची नाही. कढई थंड असतानाच तेल, लसूण, कांदा टाकायचा आणि मग जाळ घालायचा. कांदा मऊ झाला की हळद-तिखट आणि कालवलेलं बेसन. उकळी आली की ते उडतं, तेव्हा झाकण आणि दोन पावलं मागं. सहा-सात वर्षांच्यांना जाळाजवळ आणूच नका. त्यांनी भाजी निवडावी, तांदळातले खडे काढावेत, शेंगा फोडाव्यात. ओढणी, सैल बाह्या, नायलॉनचा फ्रॉक चुलीपाशी नको. रॉकेल तर नकोच नको. भाजलं तर ताबडतोब साधं थंड पाणी, वीस मिनिटं. हळद नाही, शाई नाही, टूथपेस्ट नाही. आणि जास्त भाजलं तर लगेच दवाखाना.

आता खरा भाग. हे सगळं मी पोरीला शिकवायला सांगत नाहीये. तिला येतं. हे पोरासाठी आहे.

"लोक हसतात, ताई. बायल्या म्हणतात." हसू द्या. लग्नाच्या मांडवात पाचशे माणसांचा स्वयंपाक कोण करतं? आचारी. रस्त्यावरच्या ढाब्यावर, बसस्टँडवरच्या हॉटेलात कोण? पुरुषच. तिथं त्यांना कोणी बायल्या म्हणत नाही, कारण तिथं पैसे मिळतात. म्हणजे लाज स्वयंपाकाची नाहीच, फुकट करण्याची आहे.

आणि हे काही परदेशातून आणलेलं खूळ नाही. वर्धा नदी ओलांडली की सेवाग्राम. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि नई तालीम सुरू झाली. आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी सेवाग्रामला चालवलेल्या शाळेत स्वयंपाकघर हा शिक्षणाचाच भाग होता. मुलं-मुली पाळीपाळीनं रांधत, धान्य मोजत, खर्चाचा हिशेब ठेवत. म्हणजे तिथं चुलीपाशी गणित शिकत होते, आणि आपल्या पोरीचं गणित चुलीपाशीच जातं! फरक पाळीचा आहे. तिथं आज रांधणारा उद्या मोकळा होता. अलीकडचंही सांगते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले. पुस्तकातला बाप खाली बसला, आता घरातला कधी बसतो ते पाहायचं.

एका गावात एका बाईनं हे करून पाहिलं. पाचवीतला मुलगा, तिसरीतली मुलगी. सोमवार, बुधवार, शुक्रवार मुलाचा, मंगळवार, गुरुवार मुलीचा, शनिवारी आई, रविवारी बाप. बापाचा रविवार काही काळ चहावरच निभला, तो आता बेसनापर्यंत आलाय. मुलाला तीन दिवस का, म्हणून सासूनं विचारलं. बाईनं सांगितलं, "पोरीनं दोन वर्सं एकटीनं केलं ना, थे फेडून राह्यला." मला हा हिशेब फार आवडला. मुलीच्या दिवशी मुलानं भांडी घासायची, हे मात्र तिथंही अजून जमलेलं नाही. त्यावर भांडणं सुरू आहेत.

वेचणीला अजून तीन आठवडे आहेत. प्रत्येक गटानं आपल्या वहीत एक पान काढा. घरातलं मूल, वय, इयत्ता, आठवड्याचे वार. पोरगा असलेल्या घरात त्याच्या नावापुढे एकही वार नसेल तर ते पान मी उलटणार नाही, तिथंच बसून राहीन. पुढच्या बैठकीला जेवण पोरांनी करून आणायचं आहे, मुलग्यांनी. गुठळ्या झालेलं चूनही चालेल.