कळसूबाईच्या वाटेवर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार शब्द बोला असे मला सांगण्यात आले, तेव्हा मी प्रथम आढेवेढेच घेतले. पण गेल्या मार्गशीर्षात आपण नऊजणी कळसूबाईला जाऊन आलो, त्याची हकीगत सांगा असा आग्रह झाला. ती सांगते. त्यात माझी फजितीही आहे.

ऑस्ट्रियातील सर्वांत उंच डोंगर ग्रॉसग्लॉकनर, 3798 मीटर. तो पाहण्यासाठी 1935 साली घाटरस्ता खुला झाला. मोटारीत बसूनच माणसे त्याच्या समोर जाऊन उभी राहतात. आपल्या महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर, म्हणजे सुमारे 5400 फूट. मोटार पायथ्याच्या बारी गावापर्यंत जाते. पुढे आपले पाय!

पाबळहून पहाटे चारला निघालो. मंचर, नारायणगाव अंधारातच मागे पडले. आळेफाट्यावरून ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर असा रस्ता धरला. उजाडल्यावर वळणावळणाला डोंगर पुढे येऊ लागले आणि गाडीतली गाणी आपोआप थांबली. आपल्याकडची उघडी माळराने पाहिलेल्या डोळ्यांना ती भातखाचरे आणि ते पाणी पाहून जरा हेवाच वाटला, खोटे कशाला बोलू?

बारीत चहा घेताना तिथल्या एका मावशींनी कळसूची कथा सांगितली. कळसू ही कोळ्याची पोर. इंदोरे गावी एका घरी कामाला राहिली, पण अट घालून : केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एके दिवशी घरच्यांनी तिला भांडी घासायला लावलीच. तिने ती घासली आणि तडक डोंगर चढून गेली, ती परत आलीच नाही. भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. कथा ऐकून आम्ही हसलो. माझ्या सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

सासूबाईंचे वय अडुसष्ट. त्यांना पायथ्याशीच बसवावे असे माझे मत होते आणि ते मी चारचौघींत बोलूनही दाखवले होते. वाटेत उभ्या कड्याला लोखंडी शिड्या आहेत. दुसऱ्या शिडीवर मध्यावर मी सहज खाली पाहिले आणि माझे हातपाय गळाले. वर जाता येईना, खाली उतरता येईना. मागे माणसे खोळंबली. सासूबाई नऊवारीचा काचा मारून, अनवाणी, केव्हाच वर पोचल्या होत्या. त्या वरून म्हणाल्या, "अगं, खाली काय बघतेस? माझ्या पायाकडं बघ." त्या पायांच्या भेगांकडे बघत मी एकेक पायरी चढले. त्यांना पायथ्याशी बसवायला निघालेली मी!

माथ्यावरचे देऊळ अगदी लहान. ओटी भरली. वारा असा की पदर धरावा की ताट, कळेना. समोर अलंग, मदन, कुलंग, खाली भंडारदऱ्याचे पाणी. ते धरण 1926 साली पुरे झाले. प्रवरेचे तेच पाणी पुढे संगमनेर, श्रीरामपूरकडचा ऊस पिकवते. सासूबाई बराच वेळ तिकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "कळसूनं अट तरी घातली. मला या घरात येताना कुणी विचारलंच नाही, तुझी अट काय म्हणून." मला उत्तर सुचले नाही. मीही त्यांना कधी विचारले नव्हते.

उतरताना गुडघ्यांनी सूड घेतला, त्याविषयी न बोललेले बरे.

रात्री अकराला घरी आलो. पुरुषमंडळींनी पिठले करून खाल्ले होते आणि भांडी मोरीत तशीच पडली होती. सासूबाईंनी एकदा तिकडे पाहिले, पाय धुतले आणि अंथरुणावर पडल्या. मीही पडले. सकाळी उठून पाहते तो भांडी घासून पालथी घातलेली! कोणी घासली ते आम्ही दोघींनीही अजून विचारलेले नाही.

येत्या नवरात्रात कळसूबाईची यात्रा असते. सासूबाईंनी आपले नाव पहिले घातले आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी माझ्याकडे नाव द्यावे.