गाडीचे लॉगबुक आणि हवेचा हिशेब



वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. येथे मोठी कारखानदारी नाही. तेव्हा हरितगृह वायूंची चिंता मुंबई-पुण्याने वाहावी, वाशीमचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडावा. परंतु ज्या जिल्ह्याचा खरीप मुख्यतः सोयाबीन आणि तुरीवर उभा आहे, आणि ऐन शेंगा भरण्याच्या वेळी पावसाने दिलेली उघडीप जेथे घरोघरी जाणवते, त्या जिल्ह्याचा या विषयाशी संबंध निकटचा आहे. एखाद्या वर्षाच्या अवर्षणाचा दोष एखाद्या जीपगाडीवर टाकता येणार नाही, हे खरे. तथापि ज्या वायूंमुळे पृथ्वीचे तापमान वाढत आहे, त्यांत मोटारगाड्यांच्या धुराचा वाटा आहे आणि त्या वाट्यातील काही भाग येथील कार्यालयांच्या आवारातूनच निघतो. तो किती, हे मोजणे मुळीच अवघड नाही.

या मोजणीची रीत जगभर ठरून गेलेली आहे. हरितगृह वायूंचा हिशेब संस्थांनी कसा ठेवावा याविषयीचे आंतरराष्ट्रीय मानक २००१ साली प्रथम प्रसिद्ध झाले व २००४ मध्ये सुधारण्यात आले. त्यात उत्सर्जनाच्या तीन कक्षा सांगितल्या आहेत. संस्थेच्या स्वतःच्या मालकीच्या वा ताब्यातील साधनांतून थेट बाहेर पडणारा वायू ही पहिली कक्षा. संस्थेच्या गाड्या या कक्षेत येतात. विकत घेतलेल्या विजेमागचा वायू दुसऱ्या कक्षेत, आणि इतरांच्या साधनांतून परंतु संस्थेच्या कामासाठी निघणारा तिसऱ्या कक्षेत. भारतात सेबीने शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून असा तपशील देणे बंधनकारक केले. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद यांच्यावर हे बंधन नाही. मात्र कंपन्यांना ज्याची जुळवाजुळव मुद्दाम करावी लागते, ते साधन शासकीय कार्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते म्हणजे वाहनाचे लॉगबुक.

आता गणित पाहावे. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम भरते व त्यात ८६ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतील ऑक्सिजनचे दोन अणू धरतो, म्हणून १२ ग्रॅम कार्बनाचा ४४ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड होतो. एक लिटर तेलातून त्या तेलाहून कितीतरी जड वायू कसा निघतो, या विद्यार्थ्यांना हमखास पडणाऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे: अधिकचे वजन हवेतून आलेले असते. प्रचलित गुणांक डिझेलसाठी लिटरमागे सुमारे २.६८ किलो आणि शुद्ध पेट्रोलसाठी सुमारे २.३ किलो असा आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. वनस्पतीपासून आलेल्या त्या भागाचा कार्बन वेगळा दाखवावयाचा असतो, म्हणून अशा पेट्रोलचा आकडा १.८ किलोच्या आसपास येतो.

उदाहरणादाखल, महिन्याला २,००० किलोमीटर धावणारी आणि लिटरला साडेबारा किलोमीटर जाणारी एक जीप घ्यावी. तिला महिन्यास १६० लिटर डिझेल लागेल. वायू निघेल सुमारे ४२९ किलो, म्हणजे वर्षाला पाच टनांहून थोडा अधिक. यासाठी कोणतेही यंत्र नको. पंपाची पावती, मीटरचा आकडा आणि एक गुणाकार पुरे.

अडचण गुणाकाराची नसून नोंदीची आहे. मीटर बंद पडलेले असते, ‘शासकीय काम’ एवढ्या दोन शब्दांवर फेऱ्या आटोपलेल्या असतात, महिनाअखेरीस सगळ्या ओळी एकाच शाईने एकाच बैठकीत भरलेल्या असतात. लेखापरीक्षणात अशा वहीवर आक्षेप निघतो तो पैशाच्या अंगाने. हवेच्या हिशेबातही ती वही तितकीच निकामी ठरते. अशा ठिकाणी किलोमीटरवर विसंबण्यापेक्षा प्रत्यक्ष भरलेल्या इंधनावर विसंबावे. पावतीवरचे लिटर मीटरपेक्षा अधिक खरे बोलतात.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. अलीकडे कार्यालये स्वतःची गाडी घेण्याऐवजी भाड्याची गाडी लावतात. गाडी ठेकेदाराची, डिझेलही ठेकेदाराचे. मग मालकीच्या गाड्यांच्या तक्त्यात शून्य लिहिता येते. तक्ता बिनचूक, आणि धूर मात्र जेथल्या तेथे. आंतरराष्ट्रीय रीतीप्रमाणे गाडी कोणाच्या नियंत्रणाखाली चालते हे पाहून ती पहिल्या कक्षेत घ्यावयाची की तिसऱ्या, हे ठरवता येते. गाळून टाकता येत नाही. निवडणुकीसाठी अधिग्रहित केलेली वाहने, टंचाईच्या काळातील टँकर, नगरपरिषदेच्या ठेक्यावरील घंटागाड्या या सर्वांना हाच न्याय लावावा. टँकरच्या प्रत्येक खेपेची नोंद गावातील सहीनिशी होतच असते. त्या सहीशेजारी अंतराचा एक रकाना वाढवला, की पाणी आणण्यासाठी किती डिझेल जळले हे गावाला कळेल आणि विहिरीच्या खोलीकरणावरील चर्चेला एक नवा आकडा मिळेल.

गाडी वातानुकूलित असल्यास आणखी एक बाब लक्षात ठेवावी. थंड हवेसाठी सर्रास वापरला जाणारा १३४-ए हा वायू उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे १,३०० पट प्रभावी आहे. गळतीमुळे अर्धा किलो वायू उडून गेला तर तो साडेसहाशे किलो कार्बन डाय-ऑक्साइडच्या बरोबरीचा होतो. तेवढ्यासाठी २४० लिटर डिझेल जाळावे लागेल. गॅस भरल्याचे देयक मात्र सहसा दुरुस्तीच्या खर्चात मिसळून जाते.

नोंदीच्या बाबतीत एस.टी.चा कित्ता गिरवण्याजोगा आहे. इंधनाचा वापर बसवार व चालकवार पाहण्याची तेथील शिस्त जुनी आहे. कोणत्या गाडीचे इंजिन तेल खाते आणि कोणता चालक विनाकारण गाडी चालू ठेवतो, हे आगारास ठाऊक असते. बस लिटरला साडेचार किलोमीटर जाते असे धरले तर ९० किलोमीटरच्या प्रवासास २० लिटर डिझेल आणि सुमारे ५४ किलो वायू. ४५ प्रवासी असल्यास माणशी १.२ किलो. तेच अंतर वरील जीपने एकट्या अधिकाऱ्याने कापले तर त्याच्या नावावर १९ किलो पडतात. बैठकीला एकाच गावाहून निघालेल्या तीन खात्यांच्या तीन जीपा समृद्धी महामार्गावर एकामागोमाग धावताना पाहिल्या, की हा आकडा आठवावा.

विजेच्या गाडीचा धूर दिसत नाही, म्हणून तिचा हिशेब शून्य नसतो. देशातील वीज अद्याप मोठ्या प्रमाणावर कोळशावर तयार होते; एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड धरला जातो व तो दुसऱ्या कक्षेत मांडला जातो. तरीही किलोमीटरमागचा आकडा डिझेलच्या गाडीहून बहुधा कमीच येतो, आणि कार्यालयाच्या छपरावर सौर पत्रे असतील तर आणखी उतरतो. पंधरा वर्षांपलीकडच्या शासकीय गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होत आहे. निर्लेखित गाडीच्या जागी कोणती गाडी घ्यावी हा प्रश्न प्रत्येक कार्यालयापुढे त्यामुळे येणारच आहे, आणि जुन्या गाडीचे बारा महिन्यांचे लिटर हाताशी असतील तर प्रस्तावाला आधार मिळेल.

राज्यात २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी व आकाश ही पंचतत्त्वे धरली आहेत. ग्रामपंचायतींना वायू व अग्नी या तत्त्वांखाली ही नोंद सहज सामावून घेता येईल. आरंभ एका गाडीपासून व एका तिमाहीपासून करावा. वहीत चारच रकाने आखावेत: तारीख, भरलेले लिटर, मीटरचा आकडा, कामाचे स्वरूप. बेरीज-गुणाकाराचे काम आठवीच्या वर्गाकडे द्यावे आणि तिमाहीचा आकडा ग्रामसभेत इतर जमाखर्चाबरोबर वाचून दाखवावा.