अन्यायी कायदा आणि उघड नकार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



विषय निवडण्याची मोकळीक कार्यवाहांनी मला दिली होती. 'अन्यायी कायद्याचा प्रतिकार' हा विषय मी कळवला, तेव्हा ते हसून म्हणाले, ''साहेब, तुम्ही तर सरकारी माणूस. कायदा राबवणाऱ्याला हा विषय कसा सुचला?'' प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मी भाषणाच्या अखेरीस देणार आहे.

प्रतिकाराचे दोन प्रकार सामान्यतः सांगितले जातात. कायद्याने जे करावयास सांगितले ते न करणे, म्हणजे कर न भरणे, नोंदणी न करणे, हा निष्क्रिय प्रतिकार. कायद्याने जे करण्यास मनाई केली ते जाणूनबुजून करणे, हा सक्रिय प्रतिकार. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापले, ते या दुसऱ्या प्रकारचे उदाहरण होय. यांपैकी पहिला प्रकार दुबळ्यांचा आणि दुसरा शूरांचा, अशी आपली एक समजूत असते. माझीही होती. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सव्हालकडे वळावे लागते; कारण तेथे त्याच लोकांनी त्याच कायद्याविरुद्ध हे दोन्ही मार्ग एकामागून एक चोखाळले.

१९०६ च्या ऑगस्टमध्ये ट्रान्सव्हाल सरकारने एका वटहुकमाचा मसुदा प्रसिद्ध केला. आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी माणसाने सरकारदरबारी नाव नोंदवावे, बोटांचे ठसे द्यावेत, परवाना जवळ बाळगावा आणि पोलीस मागेल तेव्हा तो दाखवावा, असे त्याचे स्वरूप होते. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात हिंदी लोकांची मोठी सभा भरली. शेठ हाजी हबीब यांनी ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घेण्याची सूचना केली. गांधीजी क्षणभर चकित झाले. मग त्यांनी सभेला समजावून सांगितले की, बहुमताने संमत झालेला ठराव आणि ईश्वराला स्मरून घेतलेली शपथ यांत फार अंतर आहे. बाकीचे सारे गळाले तरी प्रत्येकाला ती एकट्याने पाळावी लागेल. सभेने उभे राहून शपथ घेतली.

१९०७ मध्ये कायदा संमत झाला. परवाना कचेऱ्यांबाहेर हिंदी स्वयंसेवक उभे राहिले. त्यांना सक्त ताकीद होती की, परवाना घेऊ इच्छिणाऱ्याला अपशब्द बोलू नये; कोणी सोबत मागितली तर त्याला कचेरीपर्यंत पोहोचवावे. वर्षअखेरीस सुमारे तेरा हजार हिंदी रहिवाशांपैकी जेमतेम पाचशेंनी नोंदणी केली होती. व्याख्येप्रमाणे हा शुद्ध निष्क्रिय प्रतिकार. कोणी काहीही 'केले' नाही. फक्त कचेरीत गेले नाहीत. त्यासाठी तुरुंग, हद्दपारी आणि धंद्याची नासाडी मात्र पत्करली. या 'न करण्याला' दुबळे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

याच काळातला एक प्रसंग गांधीजींनी आपल्या आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात सांगितला आहे. जर्मिस्टन येथे गोऱ्या लोकांनी त्यांचे विचार ऐकण्यासाठी सभा बोलावली होती. हॉस्केन या सज्जन गृहस्थांनी सहानुभूतीने ओळख करून दिली. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता की, या लोकांना मताधिकार नाही, संख्याबळ नाही, शस्त्रे नाहीत. म्हणून त्यांनी दुबळ्यांचे हत्यार असलेला निष्क्रिय प्रतिकार पत्करला. गांधीजींना ते बोल खटकले आणि त्यांनी तेथल्या तेथे खुलासा केला. निष्क्रिय प्रतिकार हा शब्द इंग्लंडातून आला होता. १९०२ च्या शिक्षण कायद्याविरुद्ध तेथील काही ख्रिस्ती पंथीयांनी कर भरण्याचे नाकारले, तेव्हा तो रूढ झाला होता. त्या शब्दातून असा अर्थ निघे की, शस्त्र हाती आले तर हेच लोक ते वापरतील. गांधीजींना हे मान्य नव्हते. नवा शब्द सुचविण्यासाठी 'इंडियन ओपिनियन' पत्राने बक्षीस जाहीर केले. मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवला आणि त्यात बदल करून 'सत्याग्रह' हा शब्द सिद्ध झाला.

पुढे जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली. हिंदी लोकांनी स्वेच्छेने परवाने घेतले; परंतु कायदा रद्द झाला नाही. मग १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांवर परवाने एका मोठ्या कढईत घालून, रॉकेल ओतून जाळण्यात आले. तडजोडीच्या वेळी ज्या मीर आलम पठाणाने गांधीजींवर प्राणघातक हल्ला केला होता, त्यानेही आपला जुना परवाना त्या दिवशी जाळण्यासाठी पुढे केला. आता प्रतिकार सक्रिय झाला होता. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी तर २०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले यांचा जथा परवान्याशिवाय ट्रान्सव्हालची सरहद्द ओलांडून गेला. मुदतबंदी संपलेल्या मजुरांवर लादलेला तीन पौंडांचा कर रद्द व्हावा, ही त्यांची मुख्य मागणी होती. निघण्यापूर्वी गांधीजींनी स्मट्स यांच्या कचेरीला तसे दूरध्वनीवरून कळवले होते. १९१४ मध्ये तो कर रद्द झाला.

आता पाहा. १९०७ चे 'न करणे' आणि १९०८ नंतरचे 'करणे' यांत समान सूत्र कोणते? दोन्ही गोष्टी उघड्यावर झाल्या. दोन्हींत नाव लपवले नाही, कारण लपवले नाही आणि शिक्षा चुकवली नाही. म्हणून मला नम्रपणे असे वाटते की, खरी विभागणी सक्रिय आणि निष्क्रिय अशी नसून उघड आणि छुपी अशी आहे. बनावट परवाना घेऊन सरहद्द ओलांडणारा माणूसही कायदा मोडतच होता. पण त्याच्या त्या कृतीने कायद्याला प्रश्न विचारला जात नव्हता. त्याची स्वतःची सुटका होई, कायदा जसाच्या तसा राही.

येथे कोणी विचारील, १९४२ च्या भूमिगतांचे काय? साताऱ्याच्या प्रतिसरकारचे काय? त्यांच्या त्यागापुढे माझी मान लवते. परकी सत्तेने सगळे दरवाजे बंद केले असताना त्यांनी जे केले त्याचा न्याय करण्याचा मला अधिकार नाही. मी बोलतो आहे तो, दाद मागण्याचे मार्ग अजून उघडे असताना छुपेपणा पत्करणाऱ्यांविषयी.

या संदर्भात महाडचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. तेथे कायदा अन्यायी नव्हता, रूढी अन्यायी होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी प्रत्यक्षात पाण्याला कोणी हात लावू शकत नव्हते. कागदावरचा हक्क घेऊन घरी बसणे हाही एक निष्क्रियपणाच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह दिवसाउजेडी तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले.

परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरात जे घडले ते अधिक विचारात घेण्याजोगे आहे. दुसऱ्या सत्याग्रहासाठी हजारो लोक महाडला जमले होते. सनातनी मंडळींनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हुकूम अन्यायकारक वाटत असूनही बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. २५ डिसेंबरला त्याच परिषदेत मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले. न्यायालयाचा हुकूम मात्र पाळला गेला. तो दावा दहा वर्षे लढवून १७ मार्च १९३७ रोजी त्यांनी उच्च न्यायालयात जिंकला. मोडणेही उघड आणि थांबणेही उघड. याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले की, संविधानिक मार्ग खुले असताना असहकार, सत्याग्रह यांसारखे मार्ग म्हणजे अराजकाचे व्याकरण होय. या विधानाचा उपयोग पुष्कळदा लोकांना गप्प बसवण्यासाठी केला जातो. महाडचा दहा वर्षांचा दावा ध्यानी घेतला तर त्याचा अर्थ गप्प बसणे असा होतच नाही; संविधानाने जो दरवाजा उघडला आहे तो न थकता ठोठवावा, असा होतो.

आता कायदा राबवणाऱ्यांकडे येतो. अमेरिकेतील थोरो यांनी कर देण्याचे नाकारून १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली. आपण काय करावे असे विचारणाऱ्या सरकारी नोकराला त्यांच्या निबंधात सरळ उत्तर आहे, राजीनामा द्यावा. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरला चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या सहकारी सैनिकांनी निःशस्त्र जमावावर गोळी चालवण्याचे नाकारले. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. आश्चर्य असे की, पुढे एका फ्रेंच पत्रकाराशी बोलताना गांधीजींनी या आज्ञाभंगाला संमती दिली नाही. उद्या स्वराज्यातही याच नोकरांकडून काम घ्यावयाचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. ते उत्तर मला आजही पूर्णपणे पटत नाही. बंदूक रोखलेली असताना राजीनामा लिहावयास वेळ नसतो. पण कचेरीत वेळ असतो, आणि म्हणूनच आम्हा कारकुनी करणाऱ्यांना त्या सैनिकांची सबब सांगता येत नाही.

आणि येथे मी कार्यवाहांच्या प्रश्नाकडे वळतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. ज्या कचेरीत मी होतो तेथील एक शिपाई सेवेत असतानाच वारला. सरकारी क्वार्टर ठेवण्याची नियमाने दिलेली मुदत संपली. त्याच्या विधवेचा मुलगा दहावीला होता. परीक्षेपर्यंत राहू द्या, एवढीच बाईंची विनंती होती. नियमात तरतूद नव्हती. क्वार्टर रिकामे करून घेण्याची आणि दंडनीय भाडे ग्रॅच्युइटीतून वसूल करण्याची फाइल माझ्या टेबलावर आली. मला तो नियम त्या प्रसंगी क्रूर वाटला. मी काय केले? फाइल कपाटात ठेवून दिली. जवळजवळ पाच महिने ती तेथेच होती. कोणी विचारले की 'बघतो' म्हणत असे. अन्यायाला आपण मूकपणे अडवून धरले आहे, असे मनात समाधान होते.

पुढे माझी बदली झाली. माझ्या जागी आलेल्या गृहस्थांनी आठवड्याभरात फाइल निकालात काढली. त्या पाच महिन्यांचे दंडनीय भाडे वाढत गेले होते, आणि ते सारे त्या बाईंच्या ग्रॅच्युइटीतून वजा झाले. मला हे कळले तेव्हा फार उशीर झाला होता. नियम शिथिल करावा असा प्रस्ताव माझ्या सहीने वर पाठवणे मला शक्य होते. कदाचित तो फेटाळला गेला असता, कदाचित माझ्याविषयी वरिष्ठांचे मत वाईट झाले असते. पण निदान बाईंना वेळीच कळले असते आणि पुढच्या कोणाच्या उपयोगी पडेल असा कागद फाइलीत राहिला असता. माझ्या छुप्या प्रतिकाराची किंमत मी दिली नाही. ती त्यांनी दिली.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. जे पटत नाही ते टिपणीत कारणांसह लिहितो आणि खाली सही करतो. तोंडी आदेश मिळाला तर लेखी मागतो. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ यांनीच तशी तरतूद केलेली आहे. दर वेळी माझे म्हणणे मान्य होते असे नाही. काही वेळा ते अमान्य झाले आणि आदेश मला पाळावा लागला. अशा रात्री झोप लागली नाही, हेही प्रांजळपणे सांगतो. अद्याप राजीनामा देण्याचा प्रसंग आला नाही. आला तर तो देण्याचे बळ असेल की नाही, हे आज छातीठोकपणे सांगता येत नाही.

ट्रान्सव्हालचे फेरीवाले, महाडचे शेतमजूर यांच्यापाशी माझ्यासारखी सही नव्हती, खुर्ची नव्हती. त्यांनी आपले नाव उघड करून नकार दिला. आपणा सुशिक्षित नोकरवर्गाकडून समाज त्याहून फार मोठ्या गोष्टीची अपेक्षा करतो असे नाही.