रंगमंचावरील आज्ञाधारक दिवे

विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ उभें केलें, तेव्हां रंगभूमीवर तेलाचा उजेड होता. पुढें वीज आली, आणि दिवा मंद-प्रखर करण्याच्या युक्त्याहि आल्या. मिठाच्या पाण्यानें भरलेल्या बरणींत धातूची पट्टी खालीं सोडली कीं दिवा उजळे; वर ओढली कीं मावळे. पेण-उरणच्या मुलखांत मिठाची तरी वाण नव्हती! अशा पट्टीवर ज्याचा हात असे, त्याचे कान मात्र नटाच्या शब्दांकडे लागलेले असत.

आज अलिबाग, रेवदंडा, मुरूड या किनाऱ्यावर हौशी मंडळींच्या मंडपांत भाड्याच्या सामानाबरोबर मान फिरवणारे ‘मूव्हिंग हेड’ दिवेहि येतात. इंग्रजींत त्यांस बुद्धिमान म्हणतात. वास्तविक ते केवळ आज्ञाधारक असतात. बुद्धि कंट्रोलर चालविणाऱ्यानेंच पुरवावयाची असते.

कंट्रोलरच्या असंख्य कळा पाहून नवशिका गांगरतो. परंतु प्रारंभ कळांपासून करूं नये, पत्त्यांपासून करावा. १९८६ सालीं अमेरिकेंत ठरलेल्या ‘डी. एम. एक्स. ५१२’ या पद्धतींत एका तारेवरून ५१२ चॅनेलांना हुकूम जातात; प्रत्येक हुकूम म्हणजे ० ते २५५ यांमधील एक आंकडा. समजा, दिव्याचें पहिलें चॅनेल मान डावी-उजवीकडे फिरवतें, दुसरें वर-खालीं, तिसरें रंग बदलतें. दिवे १६ चॅनेलांचे असल्यास पहिल्याचा पत्ता १, दुसऱ्याचा १७, तिसऱ्याचा ३३, चौथ्याचा ४९. दोघांना एकच पत्ता दिला तर दोघेहि जुळ्या भावांप्रमाणें एकच चाळा करतात. पत्ता एकानें पुढें सरकला तर रंगाचा हुकूम दिव्याची मान डोलवूं लागतो.

तार एका दिव्यांतून दुसऱ्यांत अशी साखळीनें न्यावी, मध्येंच फांदी फोडूं नये. शेवटच्या दिव्यास १२० ओहमचा टर्मिनेटर लावावा. मायक्रोफोनची तार दिसावयास तशीच असते आणि मंडपांत ढिगानें पडलेली असते. मोह होतोच. दुपारीं सर्व सुरळीत चालतें, आणि ऐन प्रवेशांत दिवे थरथरूं लागतात. दिव्यांना वीजहि थेट द्यावी, डिमरमधून कदापि नव्हे.

या मूळ पद्धतींत हुकूम एकाच दिशेनें जातो. दिव्यानें तो ऐकला कीं नाहीं, याचें उत्तर परत येत नाहीं. कंट्रोलरवर सर्व ठीक दिसतें, आणि नायिका अंधारांत उभी असते. म्हणून चालकानें विंगेंत न बसतां प्रेक्षकांच्या पाठीमागें, रंगमंच समोर दिसेल असें बसावें.

उघड्या मंडपांत खरी अडचण वेळेची. उन्हांत झोत कोठें पडतो तें दिसत नाहीं, आणि काळोख होतो तों माणसें चटया टाकूं लागतात. महिनोन्‌महिने केलेल्या तालमींचें भवितव्य त्या मधल्या घटकाभरावर येऊन ठेपतें. तेव्हां पत्ते आणि प्रवेशांचा क्रम घरींच कागदावर लिहून कंट्रोलरमध्यें भरून ठेवावा. सायंकाळीं केवळ झोतांच्या जागा ठरवाव्या. पहिल्या प्रयोगाला पांच-सहा सीन पुष्कळ झाले.

दिवा फिरतो म्हणून तो फिरवीत सुटणें, हा नवशिक्याचा सर्वांत मोठा दोष. बाप मुलीचा निरोप घेत असतां मागें जांभळा झोत गरगरूं लागला, कीं बापाकडे कोण पाहणार? जागा बदलावयाची असेल तर आधीं उजेड मिटवावा, मान फिरवावी, मग उजेड उघडावा. नटांच्या चेहऱ्यांवर दोन-चार साधे दिवेहि ठेवावेत. कांहीं मूव्हिंग हेडांतील डिस्चार्ज दिवा वीज जाऊन परत आली तरी निवल्याशिवाय पेटत नाहीं. साधा दिवा लागलीच पेटतो.

पडदा पडल्यावर सामान दहिंवरांत उघडें टाकूं नये. खाऱ्या वाऱ्यानें जोडांना गंज धरतो, आणि त्याच दिव्यांवर दुसऱ्या गांवचा प्रयोग व्हावयाचा असतो.